गाडीच्या स्क्रीनची नुसती काच विकत मिळू द्या: ग्राहक व्यवहार विभागाला खुलं पत्र

प्रति,
सचिव आणि राइट टू रिपेअरचं काम बघणारे सगळे अधिकारी,
ग्राहक व्यवहार विभाग, कृषी भवन, नवी दिल्ली

सर, मॅडम, नमस्कार.

मी नाशिकची. इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा केलाय आणि अंबड एमआयडीसीत एका कंपनीत मेंटेनन्सला आहे, अकरा वर्षं झाली. दिवसभर पॅनल उघडा, वायर शोधा, मीटर लावून बघा हेच काम, त्यामुळं गाडीच्या डॅशबोर्डला हात लावायची भीती मला कधी वाटली नाही. पण आमच्या गाडीच्या स्क्रीनपायी गेल्या वर्षी जे झालं त्यात मला वायरिंगनं कुठंच अडवलं नाही, अडवलं ते साधा एक पार्ट न मिळण्यानं, आणि तेच तुमच्या कानावर घालायचंय.

तुम्हालाच का, तर तुम्ही जुलै २०२२ मध्ये राइट टू रिपेअरसाठी, म्हणजे आपली वस्तू दुरुस्त करून घ्यायच्या हक्कासाठी, समिती नेमलीत, शेतीची अवजारं, मोबाईल-टॅब्लेट, घरातली उपकरणं आणि गाड्या अशी चार क्षेत्रं घेतलीत, आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, ग्राहक दिनाला, पोर्टल सुरू केलंत. मला तेव्हा खरंच आनंद झाला होता. कंपन्यांची सर्व्हिस सेंटरं, वॉरंटी, कस्टमर केअर हे सगळं एका जागी आणलंत ते चांगलंच केलंत. पण मला जे हवं होतं, म्हणजे माझ्या गाडीच्या स्क्रीनची वरची काच वेगळी कुठं मिळेल, ते मला तिथं सापडलं नाही.

आता काय झालं ते सांगते. गाडी वडिलांची, २०१६ ची हॅचबॅक. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण आमच्या सोसायटीत वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या आहेत आणि सगळ्यांच्या तोंडी हेच ऐकलंय. गाडी उघड्यावर उभी असते, एप्रिल-मेमध्ये दुपारी आत हात घातला तर स्टेअरिंग धरवत नाही. त्या उन्हाळ्यात स्क्रीन आपल्या मनानं चालायला लागली. कुणी हात लावला नाही तरी रेडिओचं स्टेशन बदलतंय, गाणं पुढं सरकतंय, आणि एकदा तर सकाळी सहाला वडील बाजार समितीत भाजी आणायला निघाले तेव्हा ब्लूटूथवरून शेवटचा लावलेला नंबर आपोआप लागला, तो होता मामींचा, आणि एवढ्या सकाळी फोन आला म्हणजे काहीतरी वाईट बातमी असणार म्हणून त्या बिचाऱ्या उठून रडायलाच लागल्या.

तिथपर्यंत आम्ही चालवून घेतलं. मग जुलैत मुंबईहून येताना कसारा घाटात, धो धो पाऊस, धुकं, पुढं ट्रकांची रांग, आणि आवाज आपोआप वाढत वाढत फुल झाला. या गाडीत आवाजाला फिरवायचं बटण नाही, सगळं काचेवर. वडील चालवत होते, त्यांचं वय ७१, मी शेजारी बसून स्क्रीन दाबतेय तर ती माझं ऐकतच नाही कारण तिला आधीच चार ठिकाणी बोट लागल्यासारखं वाटतंय, स्टेअरिंगवरचं बटण दाबून आवाज कमी केला की लगेच परत वर, आणि मागचा ट्रकवाला हॉर्न मारतोय तो आम्हाला ऐकूच येत नव्हता. वडिलांनी गाडी कशीबशी कडेला घेतली. दोघंही पाच मिनिटं काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटर. तिथल्या मुलानं स्क्रीन दोनदा दाबली, आत जाऊन आला आणि कोटेशन दिलं, ४३,८०० रुपये, लेबर वेगळं. मी म्हटलं उघडून तरी बघा, नुसती वरची काच गेली असेल. तो म्हणाला, मॅडम, आतलं काही सुटं येत नाही, सिस्टीममध्ये पार्ट नंबरच नाहीये, पूर्ण युनिटच येतं. त्या मुलावर माझा राग नाही, त्याच्या कॉम्प्युटरवर जे दिसतं तेच तो बोलणार. पण आठ वर्षं जुन्या गाडीची बाजारात किंमत काय राहते आणि त्यात ४४ हजाराची स्क्रीन टाकायची म्हणजे काय, हे कुणीतरी विचारायला पाहिजे ना.

मग आम्हीच उघडायचं ठरवलं. माझे वडील ओझरला एचएएलमध्ये होते, रिटायर होईपर्यंत विमानांवर काम केलं. रविवारी सकाळी त्यांनी आधी पोळपाटावर पांढरा कागद पसरला, त्यावर पेन्सिलनं डॅशबोर्डचं चित्र काढलं, आणि जो स्क्रू जिथून निघेल तो त्या चित्रावर त्याच जागी ठेवायचा असा नियम केला. बॅटरीची निगेटिव्ह १० नंबरच्या पान्यानं काढली आणि एअरबॅगमुळं पंधरा मिनिटं काही हात लावायचा नाही म्हणून चहा घेतला. कडेची प्लॅस्टिकची पट्टी जुन्या एटीएम कार्डानं हळूहळू उचकटली, चार स्क्रू, मागचे कनेक्टर, आणि ते युनिट हातात आलं. वडिलांनी ते उलटंसुलटं करून बघितलं आणि मला विचारलं, याचं मॅन्युअल कुठंय? मी म्हटलं नसतं, कंपनी देत नाही. ते म्हणाले, अगं विमानाच्या प्रत्येक स्क्रूला कागद असतो, कुठला किती आवळायचा ते लिहिलेलं असतं, आणि आपण पैसे मोजून घेतलेल्या गाडीला कागद नाही? त्यांना ते पटतच नव्हतं, आणि मला अजूनही पटलेलं नाही.

आत काय असतं हे मुद्दाम सांगते, कारण पूर्ण युनिट म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं सगळं एकजीव आहे. तसं काही नसतं. मागं सगळं डोकं असलेला बोर्ड, त्याच्या पुढं चित्र दाखवणारा एलसीडी, आणि सगळ्यात वर बोट ओळखणारी काच. ही काच एलसीडीला कडेनं डबल टेपनं चिकटवलेली होती, बाकी मध्ये हवा. काचेच्या आतल्या बाजूला इंडियम टिन ऑक्साइडचा पारदर्शक थर असतो, वीज वाहून नेणारा, त्यावर बारीक जाळी, आणि बोट जवळ आलं की तिथला चार्ज बदलतो तो एक छोटी चिप मोजते. वर्षानुवर्षं उन्हात भाजली आणि पावसाळ्यात कडेनं दमट हवा शिरली की हा थर कडेला सुटतो किंवा त्याला केसासारखी चीर जाते, आणि मग चिपला वाटतं बोट लागलं. भुताटकी म्हणतात ती एवढीच. काचेपासून बोर्डाला एक चपटी पट्टीसारखी केबल जाते, तिला टाचणीएवढं लॉक असतं, ते नखानं वर उचललं की केबल सुटते.

मी आधी फक्त तीच केबल काढली आणि बाकी सगळं परत जोडलं. तीन दिवस गाडी तशी चालवली. चित्र स्वच्छ, रिव्हर्स कॅमेरा व्यवस्थित, स्टेअरिंगच्या बटणांनी गाणी बदलतात, आवाज जिथं ठेवू तिथं राहतो, एकदाही आपोआप काही झालं नाही. म्हणजे बोर्ड ठीक, एलसीडी ठीक, गेलेली फक्त काच. ४३,८०० च्या डब्यात खराब वस्तू ती एवढीच होती, आणि हे कळायला मला एक स्क्रूड्रायव्हर आणि तीन दिवस लागले.

आणि मग ती काच शोधायला दीड महिना गेला. केबलवर बारीक अक्षरात नंबर होता, तो टाकून ऑनलाइन एक मागवली, १,४०० रुपये, मापाला अगदी बरोबर, पण बसवल्यावर डावीकडं दाबलं की उजवीकडचं चालू व्हायचं. परत घेतली नाही, पैसे गेले. मग वडील आमच्या आत्याकडं पुण्याला गेले होते तेव्हा जुनी काच रुमालात गुंडाळून तपकीर गल्लीत घेऊन गेले, तीन दुकानांत नाही म्हणाले, चौथ्यानं ठेवून जा म्हटलं आणि आठ दिवसांनी तशीच मिळवून दिली, १,९५० रुपये. ती बसवताना धूळ ही मोठी डोकेदुखी, काच आणि एलसीडीच्या मध्ये एक कण राहिला तरी रोज डोळ्यासमोर दिसणार, म्हणून बाथरूममध्ये गरम पाणी पाच मिनिटं सोडलं, वाफेनं हवेतली धूळ खाली बसली, पाणी बंद करून वाफ विरू दिली आणि तिथंच स्टुलावर बसून काच चिकटवली. त्याला आता दहा महिने झाले. दुसरा उन्हाळा गेला. एकदाही फोन आपोआप लागला नाही.

ही काच कुठल्यातरी कारखान्यात बनते, युनिट बनवणाऱ्याला सुटी मिळते, तरच तो ती बसवतो ना? मग आम्हालाच का नाही? तिला पार्ट नंबर द्या, किंमत लावा, कंपनीनं दुप्पट नफा घेतला तरी माझी हरकत नाही. चौथ्या दुकानात नशिबानं मिळणं आणि काउंटरवर नंबर सांगून मिळणं यात फरक आहे, आणि ज्याच्या घरी मीटर धरणारं कुणी नाही त्याला तर ४३,८०० भरणं किंवा तशीच धोकादायक गाडी चालवणं हे दोनच रस्ते उरतात.

दुसरं प्रकरण आमच्या शेजारच्या काकांचं, ते थोडक्यात सांगते. पावसाळ्यात गाडी पंधरा दिवस उभी होती, चालू केली तर मीटरवर दिवाळी, एबीएस, पॉवर स्टेअरिंग, इंजिन सगळे दिवे एकदम, काटे पडलेले. वर्कशॉपनं सांगितलं क्लस्टर, म्हणजे समोरचा मीटरचा डबा, आणि हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, दोन्ही बदला, आकडा साठ हजाराच्या पुढं. आता सगळे दिवे एकदम लागतात तेव्हा बहुतेक वेळा सगळं बिघडलेलं नसतं, एकमेकांशी बोलणं तुटलेलं असतं. गाडीतले कॉम्प्युटर दोन पिळलेल्या वायरींवरून बोलतात, कॅन बस म्हणतात त्याला, बॉशनं १९८६ मध्ये आणलेली पद्धत. त्याच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर समांतर जोडलेले असतात, दोन्ही मिळून निम्मं मोजलं जातं, म्हणून स्टेअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटच्या, म्हणजे गाडी तपासायचं यंत्र लावतात त्याच्या, ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये बॅटरी काढून मोजलं तर बहुतेक गाड्यांत ६० यायला पाहिजे. काकांच्या गाडीत १२० आलं. म्हणजे एक टोक सुटलंय. टॉर्च घेऊन बघत गेले तर बॅटरीखाली उंदरानं वायर कुरतडलेली, शेजारी शेंगदाण्याची टरफलं सुद्धा होती. दोन वायरी सोल्डर केल्या, हीट श्रिंक चढवली, पीळ परत तसाच दिला कारण तो पीळ बाहेरचा गोंगाट मारायला असतो, मोजलं तर ६०, आणि सगळे दिवे विझले. काकूंनी डोळ्याला पदर लावला कारण त्यांनी त्या साठ हजारासाठी मुलीच्या फीचे पैसे मोडायचं ठरवलं होतं.

आणि यात तुमच्या कामाची एक गोष्ट आहे. ते सॉकेट तिथं आहे कारण सरकारनं कंपन्यांना ते द्यायला लावलं, ओबीडी दोन आपल्याकडं एप्रिल २०१३ पासून प्रवासी गाड्यांना सक्तीचं झालं, धुराच्या नियमासाठी. म्हणून आज कुणीही पाच-सातशे रुपयांचा ब्लूटूथ डोंगल लावून इंजिनचा फॉल्ट कोड, म्हणजे बिघाड सांगणारा नंबर, वाचू शकतं. पण ते फक्त धुराशी संबंधित कोड. क्लस्टर, स्क्रीन, बॉडी कंट्रोल (दिवे, काचा, दारं सांभाळणारा कॉम्प्युटर), एसी यांचे कोड प्रत्येक कंपनीनं आपापल्या भाषेत बंद ठेवलेत. म्हणजे सरकारनं सांगितलं तेवढं दार उघडं आहे आणि सांगितलं नाही तिथं कुलूप आहे. तुम्ही सांगितलंत तर बाकीचंही उघडेल, हे आपल्या इथंच एकदा झालेलं आहे.

आता तो कुलूपबंद प्रकार. माझ्या मेहुण्यांच्या गाडीची स्क्रीन पाणी जाऊन बोर्डासकट गेली, तिथं काच बदलून भागण्यासारखं नव्हतं. त्यांनी कुर्ल्याच्या भंगार मार्केटमधून त्याच मॉडेलच्या अपघाती गाडीचं युनिट आणलं, बिलासकट, ७,००० ला. लावलं तर स्क्रीनवर लॉकचा मेसेज. ते युनिट जुन्या गाडीच्या नंबराशी बांधलेलं, नवीन गाडीशी ओळख कंपनीच्या सर्व्हरवरूनच होणार, आणि सर्व्हिस सेंटर म्हणतं बाहेरचं युनिट आम्ही पेअर करत नाही, म्हणजे गाडीशी जोडून देत नाही. चोरीला आळा बसावा म्हणून लॉक असतं हे मला मान्य आहे, डेक चोरीला जायचे ते दिवस मी पाहिलेत. पण ज्याच्याकडं बिल आहे, आरसी आहे, आधार आहे, त्याला फी घेऊन अनलॉक करून द्यायला काय अडचण आहे? २०२१ मध्ये आपण स्क्रॅपेज पॉलिसी आणली, जुन्या गाड्या रीतसर मोडा म्हणून सांगितलं. मग त्या मोडलेल्या गाडीतलं चालू युनिट दुसऱ्या गाडीत चालू नये अशी सोय असेल तर ते कचऱ्यातच जाणार.

कुणी म्हणेल स्क्रीन म्हणजे करमणूक, ती नसली तर काय बिघडतं. अमेरिकेत टेस्लाचं काय झालं ते बघा. २०१२ पासून २०१८ च्या सुरुवातीपर्यंतच्या मॉडेल एस आणि २०१६ पासूनच्या मॉडेल एक्समध्ये स्क्रीनच्या कॉम्प्युटरवर ८ जीबीची एक मेमरी चिप होती. अशा चिपवर प्रत्येक वेळी लिहिलं की ती थोडी झिजते, गाडी सतत त्यावर नोंदी लिहीत राहिली आणि काही वर्षांत चिप संपली. स्क्रीन गेली की रिव्हर्स कॅमेरा गेला, काचेवरची वाफ घालवायची सेटिंग गेली, इंडिकेटरचा आवाज गेला. तिथल्या सुरक्षा खात्यानं, एनएचटीएसएनं, जानेवारी २०२१ मध्ये कंपनीला पत्र लिहिलं की हा सुरक्षेचा दोष आहे, आणि पुढच्याच महिन्यात सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या रिकॉल झाल्या. नखाएवढी चिप होती ती. आपल्याकडं १ जुलै २०१९ पासून नवीन गाड्यांना रिव्हर्स पार्किंग सेन्सर सक्तीचा आहे, आणि कितीतरी गाड्यांत त्याचं चित्र याच स्क्रीनवर येतं. आमच्या कसारा घाटानंतर तर मला कुणी करमणूक म्हणून सांगू नये.

कंपन्या तुमच्याकडं येऊन काय सांगतील तेही मला माहितीये, आणि त्यातलं थोडं खरंही आहे. ग्राहकानं उघडलं तर एअरबॅग उडेल. बरोबर, म्हणून पिवळ्या कनेक्टरला मी हात लावत नाही आणि इलेक्ट्रिक गाडीच्या नारंगी केबलला कुणीच ट्रेनिंगशिवाय लावू नये, पण हे सांगायला मॅन्युअलच लागतं ना, ते लपवून सुरक्षा वाढत नाही, लोक यूट्यूबवर अर्धवट बघून करतात. दुसरं, क्लस्टर उघडायला दिलं तर किलोमीटर मागं फिरवतील. ही फसवणूक चालते, सेकंडहँड गाडी घेताना मीसुद्धा त्याला घाबरते. पण फिरवणारे आजही फिरवतातच, त्यांच्याकडं टूल आहे, नाहीये ते प्रामाणिक माणसाकडं. किलोमीटरची मेमरी लॉक ठेवा, माझी काहीच हरकत नाही, पण क्लस्टरचा एलसीडी आणि त्याची केबल विका, अक्षरं पुसट झाली म्हणून अख्खा क्लस्टर फेकायला लावू नका.

तिसरं ते वॉरंटीचं सांगतील. त्यावर तर निकालच आहे. भारतीय स्पर्धा आयोगानं २५ ऑगस्ट २०१४ ला १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून जास्त दंड लावला, कारण सुटे पार्ट आणि डायग्नोस्टिक टूल बाहेरच्या गॅरेजला मिळू देत नव्हते. त्याच आदेशात म्हटलंय की बाहेर रिपेअर केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करायची नाही, चुकीच्या रिपेअरनं जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच करायची. पुढं अपिलं झाली, दंडाचा विषय वेगळा. पण अडवणूक होते आणि ती चुकीची आहे हे आपल्याच देशातल्या आयोगानं पुराव्यासकट मांडून ठेवलंय, तुम्हाला शून्यापासून सुरुवात करायची नाहीये. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यानं २०१२ मध्ये गाड्यांच्या रिपेअरचा कायदा केला आणि २०२० मध्ये लोकांनी मतदान करून त्यात वायरलेस डेटाही आणला. कंपन्या तिथं गाड्या विकतातच अजून.

तुम्ही मोबाईलसाठी रिपेअरेबिलिटी इंडेक्स, म्हणजे वस्तू दुरुस्त करायला किती सोपी याचे गुण, आणायचं काम हातात घेतलंय. माझी विनंती आहे की गाडीचा डॅशबोर्ड त्यात घ्या, कारण तो आता मोबाईलच आहे, फक्त डॅशबोर्डमध्ये पक्का बसवलेला, दुपारच्या उन्हात भाजणारा, आणि दोन वर्षांत न बदलता पंधरा वर्षं चालावा अशी अपेक्षा असलेला. शोरूममध्ये मायलेज लिहितात तसं लिहा की या गाडीची काच सुटी मिळते का, एलसीडी मिळतो का, किती वर्षं मिळणार, किती रुपयांना. आरसी जितकी वर्षं वैध तितकी वर्षं तरी मिळालं पाहिजे. वायरिंगचा नकाशा आणि क्लस्टरचे फॉल्ट कोड मालकाला आणि कोपऱ्यावरच्या ऑटो इलेक्ट्रिशियनला वाजवी पैशात मिळू द्या, फुकट कुणी मागत नाहीये. ती इलेक्ट्रिशियन पोरं, द्वारका सर्कलपासून सातपूरपर्यंत कितीतरी आहेत, आयटीआय करून आलेली, हात इतके चांगले आहेत त्यांचे, आणि नवीन गाडी आली की परत पाठवावी लागते कारण आत शिरायची परवानगीच नाही. आणि जुनं युनिट कागदपत्रं दाखवून पेअर करून द्यायची सक्ती करा, सात दिवसांत, ठरलेल्या फीमध्ये.

मी ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन करून माझी तक्रार नोंदवलेली आहे, पण माझी गाडी आता नीट झालीये, ही मागणी तिच्यासाठी नाही. आमची खराब झालेली काच, चुकीची आलेली काच आणि सर्व्हिस सेंटरचं कोटेशन मी एका पाकिटात जपून ठेवलंय, वडिलांनी पेन्सिलनं काढलेलं ते चित्रही त्यातच आहे. समितीनं गाड्यांसाठी बैठक लावली आणि ग्राहकांना बोलावलं तर मला फक्त तारीख कळवा, सुट्टी टाकून स्वखर्चानं दिल्लीला येईन, आणि तुमच्या टेबलावर युनिट उघडून दाखवीन, काचेपर्यंत पोचायला वीस मिनिटं लागतात.

आपली,
नाशिकची एक गाडी चालवणारी आणि दुरुस्त करणारी ग्राहक